पडद्याआडची संथा

फजरची नमाज झाली की हिंजवडी तासभर शांत असते. भूमकर चौकातली कोंडी अजून व्हायची असते, फेज तीनकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस रस्त्यावर आलेल्या नसतात. त्या तासात आमचा कुराणपठणाचा ऑनलाइन वर्ग भरतो. लॅपटॉपवर एक काळा चौकोन आणि त्यात आमच्या शिक्षिकेचं, आपांचं नाव. आपा भिवंडीच्या, कॅमेरा लावत नाहीत. आम्ही सात जणी: कुणी माणमधून, कुणी मारुंजीतून, एक थेट डब्लिनहून, तिथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. सहा महिन्यांत आपांचा चेहरा मी पाहिलेला नाही. पण माझा 'ह' घशात कुठे अडतोय, हे त्यांना पहिल्याच शब्दाला कळतं.

अरबीत 'ह' दोन आहेत. 'अल्हम्द'मधला घशाच्या मधल्या भागातून, घासून येणारा. 'अल्लाह'मधला अगदी तळातून, मोकळा. आपल्या कानाला दोन्ही सारखेच. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. 'चहा'तला च आणि 'चंद्रा'तला च लिहायला एकच, पण उच्चार वेगळा, आणि तो आपण आईच्या तोंडून शिकलो. कुराणात अशी गफलत अर्थापर्यंत जाते. 'कल्ब'मधला क पडजिभेपाशी उच्चारला तर हृदय, नेहमीसारखा उच्चारला तर कुत्रा. म्हणून प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली. तिला मखरज म्हणतात आणि या साऱ्या शास्त्राला तजवीद.

लहानपणी दापोलीकडच्या आमच्या मोहल्ल्यात हे शब्द माझ्या कानावर आले नव्हते. जुन्या रिवाजाप्रमाणे चार वर्षं, चार महिने, चार दिवसांची झाल्यावर माझी बिस्मिल्ला, म्हणजे शिकण्याची सुरुवात, झाली. मग नूरानी कायदा, लुधियान्याचे मौलवी नूर मुहम्मद यांनी रचलेलं अक्षरओळखीचं पुस्तक. मग कुराणाचा एकेक सिपारा, म्हणजे भाग. असे 30 सिपारे, 114 सुरा संपल्या आणि 'आमीन'च्या दिवशी घरोघरी मिठाई गेली. चाळीस मुलं एका सुरात म्हणायची, त्या गलक्यात माझा 'ह' कुणाला ऐकू जाणार? चूक तशीच मुरली, आणि पस्तिशीपर्यंत मी ती नमाजेत रोज म्हणत राहिले. याची खंत आजही आहे.

ऑनलाइन वर्गात सगळ्यांनी मिळून म्हणता येत नाही. आवाज मागेपुढे पोचतो, नुसता गोंधळ होतो. म्हणून एकेकीने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून ऐकायचं. माझ्या मते या वर्गाचा सगळ्यात मोठा फायदा हाच: लपायला जागा नाही.

अडचणीही आहेत. साध्या फोनमध्ये 3,400 हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, आणि 'स'सारख्या घर्षणाच्या वर्णांचा जीव तिथेच असतो. अरबीत तर 'स'च्या जवळपासचे वर्ण तीन! इंटरनेटवरून आवाज जास्त भरीव येतो, पण तिथे गोंगाट गाळणारी यंत्रणा आड येते. न आणि म यांचा नाकातला लांबवलेला गुंजार, गुन्ना, तिला पंख्याची घरघर वाटू शकतो. म्हणून आपा आधी झूममधलं 'ओरिजिनल साउंड' सुरू करायला लावतात, मगच सबक.

दूरच्या आवाजावरून शिकणं तसं जुनंच. अरबी शिकून मूळ कुराण वाचणाऱ्या आणि पुढे 'कुराण-सार' सिद्ध करणाऱ्या विनोबांनी रेडिओवरचं पठण ऐकून उच्चार घोटले होते. कैरोचे कारी, म्हणजे कुराणपठण करणारे, महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातलं संपूर्ण कुराण 1961 साली ध्वनिमुद्रित झालं, ते आज प्रत्येक मोबाइलवर ऐकता येतं. 'तरतील'सारखं अ‍ॅप तर सुटलेला शब्दही दाखवतं. तरी नुसत्या ध्वनिमुद्रणावर शिकू नये, असं मी मैत्रिणींना आग्रहाने सांगते. आपण अल-हुसरींना ऐकतो, ते आपल्याला ऐकत नाहीत. वेदपाठशाळेत संथा देतात तशी ही विद्याही उस्तादाच्या तोंडून घ्यायची आणि त्यालाच म्हणून दाखवायची. त्याला तलक्की म्हणतात.

सध्या आमचं 'ज़ाद' हे अक्षर चाललंय. जिभेची कड वरच्या दाढांना लावायची. आपा दिसत नाहीत, म्हणून मी लॅपटॉपशेजारी पावडरच्या डबीतला आरसा ठेवते. काल अकरा वेळा म्हटलं. अकराव्यांदा पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही, नेट गेलं असं वाटलं.

"हां, यही," आपा म्हणाल्या. "आता डब्लिन."