सगळा आळ जिलेबीवर

इंदूरच्या मराठी घरात कुणाच्या रिपोर्टमध्ये साखर जराशी वर आली की पहिली शिक्षा होते जिलेबीला. पोह्यांबरोबरची जिलेबी बंद, चहा बिनसाखरेचा, आणि घर निर्धास्त. पोह्यांची प्लेट मात्र तीच. उलट जिलेबीची भरपाई म्हणून वर शेव जास्त. रविवारी तुपात बुडवलेले बाफले आणि रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेले गराडू, यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ते गोड थोडेच आहेत!

‘गोड खाल्ल्याने मधुमेह होतो’ हे अर्धसत्य आहे. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतं, पण पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. स्वादुपिंड जादा इन्सुलिन ओतून काही वर्षं निभावून नेतं. मग ते कमी पडू लागतं आणि साखर चढते. यामागे अनुवंश असतो, पोटात आणि यकृतात साठलेली चरबी असते, बैठं आयुष्य असतं. रोजची कोल्ड्रिंक आणि साखरेची सरबतं धोका वाढवतात, यात वाद नाही. पण पोह्यांतल्या, मैद्यातल्या पिष्टाचीही पोटात शेवटी ग्लुकोजच होते. म्हणून जिलेबी सोडणं चांगलंच, पण तेवढ्यावर भागत नाही.

इंदुरी पोह्यांवर टाच आणायची गरज नाही. इथे उसळ-पोहे मिळतातच. त्यात उसळ भरपूर, पोहे कमी आणि शेव चिमूटभर असं प्रमाण उलटं करा. कडधान्यांतली प्रथिनं आणि चोथा साखर हळूहळू चढू देतात. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भात, एवढ्या क्रमबदलानेही फरक पडतो.

उपवासाबद्दल बोललं की घरातली मोठी माणसं रागावतात, तरी सांगतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला भरल्या ताटाने साबुदाण्याची खिचडी खाऊन पोटाला विश्रांती दिली म्हणणं धाडसाचं आहे. दाण्याचं कूट त्यातल्या त्यात बरं. आणि साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो, असं मानणाऱ्यांनी रक्तातल्या साखरेपुरता तरी हा भेद विसरावा. कारल्याचा रस हौसेने प्या, पण त्याच्या जिवावर तपासणी टाळू नका.

आपल्या लोकांना सर्वांत महागात पडणारा समज वेगळाच आहे: ‘मी तर सडपातळ, मला कशाला होतोय मधुमेह!’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचं उत्तर स्वतःच्याच शरीरावरून दिलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत दोघांचं छायाचित्र छापलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा जे सांगत नाही ते असं उघडं पडलं: भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ती बहुधा पोटाभोवती असते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हात-पाय काटकुळे आणि पोट पुढे, हे आपल्याकडे सुखवस्तूपणाचं लक्षण मानलं गेलं. वैद्यकीयदृष्ट्या ती धोक्याची खूण आहे.

‘आमच्या घराण्यातच आहे, होणारच’ असं म्हणणाऱ्यांनी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचं काम पाहावं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवरचा त्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीसारखं वागणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार सुधारून रोज अर्धा तास चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिलं. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांचा आकडाही जवळपास तोच होता. गंमत म्हणजे चालणाऱ्यांचं सरासरी वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. त्यामुळे महिनाभरात काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

‘दिवसभर घरात राबते, वेगळा व्यायाम कशाला’ हेही पुरेसं नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम थोडा वाढेल असं चालणं हवं, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम, कारण जेवणानंतरची बरीचशी ग्लुकोज स्नायूच उचलतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली म्हणूनच उपयोगी. दुकानात किंवा ऑफिसात तासन्‌तास एकाच जागी बसणाऱ्यांनी मधूनमधून उठावं.

सराफा बाजार इंदूरचा अभिमान आहे आणि तो बंद करा असं म्हणण्याची माझी टाप नाही. पण मध्यरात्रीचं खाणं आणि अपुरी झोप इन्सुलिनचा असर कमी करतात. महिन्यातून एकदा जाणं वेगळं आणि दर शनिवार-रविवारी जाणं वेगळं.

राहता राहिला ‘काही त्रास नाही, मग तपासायचं कशाला’ हा प्रश्न. उंबरठ्यावरच्या अवस्थेत त्रास होतच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी आणि उंबरठ्यावरचे सुमारे १३.६ कोटी. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ५.७ ते ६.४ आलं, तर तुम्ही त्या दुसऱ्या रांगेत आहात. मग दरवर्षी तपासणी हवी. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बायकांनी तर बाळंतपणानंतरही तपासणी सोडू नये. तिशी ओलांडलेल्या कुणाचीही रक्तातली साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते.