बुद्धिबळ-आज्ञावलींची कसोटी

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचे म्हणजेच इंजिनाचे बळ मोजण्यासाठी तिला पटावरील निवडक स्थिती सोडवावयास देतात. मिळालेल्या निष्कर्षांवरून तिची शोधपद्धती व नियंत्रक मूल्ये ठरविली जातात. या परीक्षणात डावपेचांच्या, म्हणजे मोहऱ्याचे बलिदान, दुहेरी हल्ला, सक्तीची मात इत्यादींच्या स्थितींचा वापर प्रामुख्याने होतो, कारण अशा स्थितींचे उत्तर बहुधा एकच असते व ते तपासता येते.

शोधाचे तत्त्व : अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या विषयाची मूलतत्त्वे मांडली. एका स्थितीत सरासरी ३० खेळ्या शक्य आहेत असे मानल्यास दोन्ही बाजूंच्या मिळून चार खेळ्यांपर्यंत ८,१०,००० शाखा तपासाव्या लागतात. अल्फा-बीटा छाटणीमुळे निष्कर्षात फरक न पडता हे काम अनुकूल परिस्थितीत सुमारे १,८०० शाखांवर येते. ही छाटणी निर्धोक असते. याउलट, निरुपयोगी वाटणाऱ्या खेळ्या कमी खोलीपर्यंत तपासणे किंवा एका बाजूने खेळी सोडून दिली असे गृहीत धरून शाखा छाटणे, या युक्त्या वेळ वाचवितात. परंतु त्यांत चुकीचा संभव असतो. जेथे खेळी करण्याची सक्तीच घातक ठरते अशा अंतिम टप्प्यातील स्थितींत दुसरी युक्ती हमखास फसते.

शोध ठरावीक खोलीवर थांबत असल्याने पुढील संकट आज्ञावलीला दिसत नाही; निरर्थक खेळ्या मध्ये घालून ती ते दृष्टीआड ढकलते. हॅन्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये या दोषाला ‘क्षितिज-परिणाम’ असे नाव दिले. त्यावर उपाय म्हणून मारामारी चालू असलेल्या स्थितीचे मूल्यमापन न करता ती शांत होईपर्यंत शोध लांबविला जातो.

कसोटी-संच : फ्रेड राइनफेल्ड यांच्या विन ॲट चेस या पुस्तकातील ३०० स्थिती दीर्घकाळ प्रमाण मानल्या गेल्या. त्यांतील पहिल्याच स्थितीत पांढरा आपला वजीर काळ्या राजासमोरील प्याद्यांच्या तोंडी देतो. प्याद्याने तो मारल्यास लगेच घोड्याने मात होते. असे बलिदान प्रथमदर्शनी नुकसानीचे दिसत असल्याने उतावळी छाटणी करणारी आज्ञावली नेमकी तीच खेळी गाळते. इव्हान ब्रात्को व डॅनी कोपेक यांच्या १९८२ च्या संचात २४ स्थिती असून त्यांपैकी निम्म्या डावपेचांच्या व निम्म्या प्याद्यांच्या रचनेला धक्का देणाऱ्या खेळींच्या आहेत. केवळ डावपेच म्हणजे बुद्धिबळ नव्हे, ही जाणीव या विभागणीमागे आहे.

परीक्षणात किती स्थिती सुटल्या एवढेच न पाहता प्रत्येकीस लागलेला वेळही नोंदवितात. योग्य खेळी काही क्षण निवडून आज्ञावली पुन्हा सोडून देत असेल, तर ते उत्तर खरे धरीत नाहीत. जुन्या संचांतील काही स्थितींत पुस्तकातील उत्तराइतकीच चांगली दुसरी खेळी असल्याचे पुढे संगणकांनीच दाखवून दिले. म्हणून संचाची आधी पडताळणी करणे आवश्यक असते.

नियंत्रक मूल्ये : तपासलेल्या स्थिती साठविणाऱ्या स्मृतिकोष्टकाचा आकार, एकाच वेळी काम करणाऱ्या धाग्यांची संख्या आणि एकाऐवजी अनेक पर्यायी खेळ्या दाखविण्याची सोय, ही मूल्ये वापरणाऱ्याच्या हाती असतात. कोष्टक संगणकाच्या मोकळ्या स्मृतीपेक्षा मोठे ठेवल्यास शोध मंदावतो. पर्याय वाढविल्यास प्रत्येकाला मिळणारा वेळ घटतो. मात्र लपलेले बलिदान हाती लागण्याची शक्यता वाढते. अनेक धाग्यांचा शोध दर वेळी तंतोतंत सारखा होत नाही. त्यामुळे तुलना करताना एकच धागा वापरणे व प्रत्येक स्थितीपूर्वी कोष्टक रिकामे करणे इष्ट ठरते.

मर्यादा : कोड्यांत अधिक गुण मिळविणारी मांडणी प्रत्यक्ष डावात दुबळी ठरू शकते. छाटणी कमी केल्यास बलिदाने लवकर सापडतात; पण सामान्य स्थितींत शोधाची खोली घटते आणि डावात सामान्य स्थितीच अधिक येतात. म्हणून अंतिम निर्णय डावांवरच सोपवावा लागतो, आणि तेथे संख्येचे महत्त्व आहे. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरल्यास १०० डावांच्या सामन्यातून काढलेल्या इलो गुणांतरात सुमारे ५० गुणांची अनिश्चितता राहते; ती ५ गुणांवर आणण्यास १०,००० डाव लागतात. स्टॉकफिश या मुक्त आज्ञावलीसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या फिशटेस्ट या व्यवस्थेत स्वयंसेवकांच्या संगणकांवर असे असंख्य डाव खेळविले जातात व क्रमिक संख्याशास्त्रीय कसोटी लावून बदल स्वीकारला वा नाकारला जातो. २०२० मध्ये स्टॉकफिशने मूल्यमापनासाठी तंत्रिका-जालाचा अवलंब केला, तोही अशाच परीक्षणानंतर.

कसोटी-संचांचे मोल यामुळे संपत नाही. एखाद्या बदलाने आज्ञावली काय पाहावयाचे विसरली, हे हजारो डावांच्या बेरजेत दडून राहते. एक सुटी स्थिती ते नेमके दाखविते. डाव बळाचे मोजमाप देतात, स्थिती दोषाचे निदान करते. ज्याला डाव खेळवावयाचे आहेत त्याने मूळ मांडणी सहसा बदलू नये. ज्याला कूटप्रश्नांची तपासणी करावयाची आहे त्याने पर्यायांची संख्या व वेळ वाढवावा.