एका काडीची करामत

द्राक्षबागायतदाराची नजर घडावर असते तशीच काडीवरही. एखाद्या वेलीच्या एकाच काडीला मणी वेगळे आले, की जाणता माणूस तिथे खूण करून ठेवतो आणि छाटणीला ती काडी बाजूला काढून खुंटावर कलम करतो. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही सगळी थॉम्पसन सीडलेसमधून अशीच निवडून काढलेली वाणं. काडीत नेमकं काय बदलतं, याचा उलगडा मात्र अलीकडचा.

रंगाचं कोडं आधी सुटलं. हिरव्या-पांढऱ्या द्राक्षांचे पूर्वज काळे. सालीत रंग भरण्याचा हुकूम देणारी दोन जनुकं दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. त्यातल्या एकाच्या ऐन तोंडाशी 'ग्रेट-१' नावाचा सुमारे दहा हजार अक्षरांचा डीएनए-तुकडा येऊन बसलाय, हे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. दुसरं जनुक आतूनच बिघडलेलं. दोन्ही बंद, म्हणून मणी हिरवा. जागा बदलणारे असे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात 1940 च्या दशकातच ओळखले होते. नोबेल मिळायला 1983 उजाडलं. गंमत म्हणजे पाहुणा जाऊही शकतो. पांढऱ्या 'इटालिया' द्राक्षाच्या वेलीवर ब्राझीलमध्ये लाल घड लागले, त्या 'रुबी ओकुयामा'त ग्रेट-१ निघून गेलाय, मागे फक्त त्याचं एक टोक राहिलंय. (थंडीत आपल्याकडे थॉम्पसनचे मणी गुलाबी पडतात, त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. 'पिंक बेरी' ही हवामानाची देणगी, ती काडीतून पुढे जात नाही.)

स्पेनमधली गोष्ट याहून दांडगी. रिओहा भागात 1988 साली काळ्या 'टेम्प्रानिल्यो'च्या एका वेलीवर एकाच काडीला पांढरे घड दिसले. काडी वाढवली, 'टेम्प्रानिल्यो ब्लांको' वाण झालं. 2017 मध्ये त्याचा जनुकसंच तपासला, तेव्हा दिसला तो चक्क विध्वंस: दुसरं आणि पाचवं गुणसूत्र फुटून तुकडे भलत्याच क्रमाने जुळलेले आणि 313 जनुकांची एकेक प्रत गहाळ. रंगाच्या जनुकांची चालू प्रत त्यातच गेली. बियांतून वाढणाऱ्या पिकात इतकी मोडतोड पुढच्या पिढीपर्यंत टिकणं कठीणच. कलमाला नर-मादीच्या मीलनाची चाळणी लागत नाही, म्हणून ती निभावली. पण फुकट नाही. या वाणाचे परागकण कमी जगतात आणि फळधारणा मार खाते.

म्हणजे डोळ्यांना दिसला एक रंग आणि त्याच्यासोबत उत्पन्नही हललं. रंगाचा प्रश्न मुख्यतः एका जागेवर सुटतो. साखर, मण्याचं वजन, वेलीला लागणाऱ्या घडांची संख्या यांवर मात्र अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो, वर पाणी, खुंट, छाटणी आणि हवामान. नव्या संकरित रोपाचा रंग पानाचा तुकडा तपासून आधीच सांगता येतो. उत्पन्नासाठी मात्र वेल मांडवावर चढून काही हंगाम फळ धरेपर्यंत थांबावंच लागतं.