आधी अक्षर, मग चित्र

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात सिग्नलला थांबलेला दुचाकीस्वार आजूबाजूच्या पाट्यांकडे जेमतेम दोन-चार सेकंद बघतो. नजर आधी उंच चौथऱ्यावरच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याकडे जाते, मग सिग्नलकडे. मधल्या वेळात एखादं नाव वाचलं गेलं तर गेलं. लोगो करणाऱ्याच्या वाट्याला एवढाच वेळ येतो. म्हणून तयार झालेला प्रत्येक लोगो कागदावर छापून मी या चौकात आणतो. सोबतचा मुलगा तो धरून रस्त्याच्या एका बाजूला उभा राहतो, मी पलीकडून बघतो. जालना रोडची रुंदी, धूळ, दुपारचं ऊन आणि मध्ये येणाऱ्या रिक्षा यांतून जे दिसतं तेच खरं. स्क्रीनवर सगळंच देखणं दिसतं.

लोगो करून घ्यायला येणारा माणूस बहुतेक वेळा चित्र मनात धरून येतो. आपल्या शहरात चित्रांना तोटा नाही. बीबी का मकबरा आहे, भडकल दरवाजा आहे, देवगिरीचा किल्ला आहे, वेरूळचं कैलास लेणं आहे, हिमरू कापडाची वेलबुट्टी आहे. यातलं निदान काहीतरी लोगोत असावं, असं प्रत्येकाला वाटतं. हा अभिमान मला मनापासून आवडतो. तरीही मी खणातले रबरी शिक्के काढून त्यांच्यासमोर ठेवतो. लोगो फक्त फ्लेक्सवर लागत नाही. तो पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात येतो, पोत्यावर एका रंगात छापला जातो, व्हॉट्सॲपच्या गोलात बसतो, आणि शिक्क्याची शाई पसरली तरी ओळखू यावा लागतो. एवढ्याशा जागेत मकबऱ्याच्या चार मिनारांच्या चार काड्या होतात आणि हिमरूच्या नक्षीचा काळा ठिपका उरतो.

मग मी कोरा कागद पुढे करतो. ‘दुकानाचं नाव लिहा, मराठीत, तुम्ही रोज लिहिता तसं.’ लाकडी घाण्याचं तेल विकणारे एक काका आले होते. त्यांना लोगोत बैल हवा होता. त्यांच्या नावात ‘ळ’ होता आणि तो ते फार सुंदर लिहीत. दोन भरघोस गोल, मधली गाठ घट्ट. मी तो एकच ‘ळ’ मोठा करून घेतला, गोलांची जाडी सारखी केली, गाठीजवळची जागा थोडी मोकळी केली, म्हणजे शिक्क्यावर शाई भरून ती बुजायला नको. गोल फिरतोय असं वाटायला लागलं. काका म्हणाले, ‘सर, सगळं बरोबर आहे, पण बैल कुठंय यात?’ मी विचारलं, ‘काका, तुमचा घाणा बैल ओढतो का?’ घाण्याला मोटार होती. गिऱ्हाइकाला बैल दाखवायचा आणि दुकानात मोटार, हे त्यांनाही पटेना. तेलाच्या डब्यावर आता तो ‘ळ’ आहे.

याच्या उलट कितीतरी कामं होतात. नाव आधी इंग्रजीत ठरतं, रोमन अक्षरांचा लोगो होतो, आणि शेवटी ‘मराठीतही लागेल’ म्हणून हाताशी असलेला एखादा फॉन्ट खाली चिकटवला जातो. 2022 मध्ये राज्याच्या दुकानं व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. मराठी नाव आधी हवं आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा मला योग्य वाटतो. त्यानंतर घाईने लागलेल्या पाट्या मात्र बघवत नाहीत. रोमन कॅपिटल अक्षरं सुटी-सुटी ठेवली की ऐटदार दिसतात, म्हणून तोच नियम देवनागरीला लावतात आणि शिरोरेषा तुटते. दुकानाचं नाव दूरवरून सुट्या अक्षरांसारखं वाचावं लागतं. रोमनच्या जाडीशी जुळवायला शिरोरेषा इतकी ठळक करतात की वेलांटी तिच्यात बुडते. ‘ल’ आणि ‘श’ तर सर्रास हिंदी वळणाचे येतात, कारण फॉन्टमध्ये तेच आधी समोर येतात. राज्य शासनाने 2009 मध्ये वर्णमाला ठरवताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ स्वीकारला आहे. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत मराठी रूपंही असतात. भाषा मराठी निवडायची, एवढंच करायचं असतं.

2023 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा आमच्या टेबलावर एक वेगळाच प्रश्न आला. औरंगाबाद ही पाच अक्षरं होती, छत्रपती संभाजीनगर ही दहा. लेटरहेडच्या तळाशी एका ओळीत मावणारा पत्ता दुसऱ्या ओळीत गेला, गोल शिक्क्याच्या कडेवर अक्षरं दाटली. काहींनी अक्षरं आडवी दाबून बसवली, मग ‘त्र’ची तिरपी रेघ आणि ‘भ’ची गाठ ओळखू येईना. मी दाबायला नकार दिला. पत्त्याच्या दोन ओळी केल्या, फोन नंबर बाजूला घेतला, शिक्क्याचा व्यास वाढवला. जागा अक्षराला द्यायची, अक्षर जागेसाठी पिळायचं नाही.

ही शिकवण माझी नाही. कमल शेडगे (1935–2020) यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत नाटकांची नावं अशी काढली की अक्षरांच्या वळणावरूनच नाटकाचा स्वभाव कळावा. त्यात अनेकदा चित्र नसेच. र. कृ. जोशी (1936–2008) यांनी पवईच्या आयआयटीत अक्षरकला शिकवली आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या कितीतरी जणांनी पहिलं अक्षर त्यातच उमटवलं. मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ घडवून सर्वांना मोफत खुले केले. आता चांगला फॉन्ट मिळत नाही, ही सबब उरलेली नाही.

पुस्तकाचं काम लोगोपेक्षा संथ असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त जवळचं आहे. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात फळीवरच्या मुखपृष्ठांकडे बघा. मराठवाड्यातल्या लेखकाचं पुस्तक असलं की भेगाळलेली जमीन, वाळकं झाड आणि कपाळाला हात लावलेला शेतकरी. दुष्काळ खरा आहे, पण प्रत्येक लेखकाने तो वेगळा पाहिलेला असतो. तो वेगळेपणा हस्तलिखितातच सापडतो, म्हणून संहिता वाचल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही. एका शिक्षकाच्या कथासंग्रहात पहिल्यापासून शेवटपर्यंत टँकरची वाट बघणारे निळे प्लास्टिकचे ड्रम येत होते. कुणाच्या ड्रमवर नाव, कुणाच्या ड्रमवर मुलीच्या लग्नाची तारीख रंगवलेली. मुखपृष्ठावर तेच आले, रांगेत, माणूस एकही नाही, आणि शीर्षक ड्रमवर ब्रशने लिहावं तशा अक्षरांत. लेखकाला आधी ते रिकामं वाटलं. दोन दिवसांनी त्यांनी फोन करून एकच दुरुस्ती सांगितली: ‘शेवटचा ड्रम आडवा पाडा.’ त्या एका बदलाने मुखपृष्ठ पुरं झालं.

मुखपृष्ठाचं कौतुक होतं. आतल्या पानांबद्दल कोणी बोलत नाही, तरी वाचक राहतो तो तिथेच. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार वर चढतात, उकार खाली उतरतो. ओळींमध्ये रोमनएवढीच जागा ठेवली तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. मी बहुधा 12 पॉइंटच्या अक्षराला 18 पॉइंटची ओळ देतो. पानं मांडण्याच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात. श्रीलिपी सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना सर्वांत जास्त जपावा लागतो तो अर्धा ‘ऱ’. तो हरवला की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्र होऊन ‘दर्या’ छापला जातो, आणि स्पेलचेकला त्यात काही चूक दिसत नाही. म्हणून बदललेला मजकूर माणसाने ओळीवर बोट ठेवून वाचलाच पाहिजे.

मग प्रेसचा हिशेब. सोळा पानांचा फॉर्म, तेरा फॉर्म म्हणजे 208 पानं, म्हणजे 104 कागद. एक कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड धरला तर पुस्तकाची पाठ 10 मिलिमीटरच्या थोडी वर. कागद बदलला की पाठ बदलते, म्हणून कागद ठरल्याशिवाय मुखपृष्ठाची अंतिम फाइल मी देत नाही. पाठीवरचं नाव कडेवर सरकलं तर फळीत उभं ठेवलेलं पुस्तक ओळखू येत नाही.

अलीकडे काहीजण फोनवर एआयने काढलेलं मुखपृष्ठ घेऊन येतात. चित्र झगमगीत असतं, पण त्यातल्या मराठीत अनेकदा काना भलतीकडे गेलेला असतो, जोडाक्षर अर्धंच असतं. ज्या पुस्तकात लेखकाने शब्द जपून वापरले, त्याच्या दारावर मोडलेली अक्षरं लावू नयेत.

तेव्हा लोगो करून घ्यायचा असेल तर येताना दुकानाचं नाव मराठीत, स्वतःच्या हाताने, कागदावर लिहून आणा. पुस्तक असेल तर पूर्ण हस्तलिखित द्या, वाचायला वेळ द्या, आणि प्रकाशन समारंभाची तारीख मुखपृष्ठ हातात आल्यावरच ठरवा.