काट्यावरचा माणूस : फायटिंग हारादाची कारकीर्द

श्रोतेहो, कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून एका जपानी मुष्टियोद्ध्याची हकीकत का सांगावी, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. तेव्हा विषयांच्या कुंपणांचा धाक आम्हांस फारसा नाही. शिवाय व्यावसायिक मुष्टियुद्ध हा एक धंदाच आहे. त्यात शरीर हेच भांडवल, शरीर हेच हत्यार आणि शरीर हाच कच्चा माल. या धंद्यात माणसाला झुंजीआधी तराजूवर उभे करतात. त्या तराजूचा विचार श्रमाचा विचार करणाऱ्याने अवश्य केला पाहिजे.

प्रथम हा तराजू कशासाठी, ते पाहू. आपल्याकडे तालमीत वस्ताद नजरेनेच जोड लावीत. धंदेवाईक मुष्टियुद्धाने ते काम काट्याकडे सोपविले. हलक्या माणसाला भारी माणसापुढे उभे करणे हा अन्याय, म्हणून वजनांचे गट पाडले. फ्लायवेट गटाची मर्यादा 112 पौंड, म्हणजे 50.8 किलो. त्यावर बँटमवेट, 118 पौंड, म्हणजे 53.5 किलो. त्याच्यावर फेदरवेट, 126 पौंड, म्हणजे सुमारे 57 किलो. मर्यादेपेक्षा वजन अधिक भरले, तर त्या गटाचा किताब मिळू शकत नाही. नियम दुबळ्याच्या रक्षणासाठी जन्मला, हे लक्षात ठेवावे. कारण पुढे त्याच नियमाची दुसरी धार दिसणार आहे.

आता हारादाकडे वळू. मासाहिको हारादाचा जन्म 5 एप्रिल 1943 रोजी टोकियोत झाला. युद्धात बेचिराख झालेल्या शहरात वाढलेली ही पिढी. योशिओ शिराई याने 1952 साली फ्लायवेटचा किताब जिंकून जपानला पहिला जगज्जेता दिला आणि हरलेल्या देशाने मान वर केली. परंतु 1954 च्या अखेरीस तो किताब गेला आणि पुढे जवळजवळ आठ वर्षे जपानच्या हाती काही लागले नाही. हारादाच्या घरची स्थिती बेताची होती. घराला हातभार लावण्यासाठी शाळकरी वयातच तो तांदळाच्या दुकानात कामाला लागला आणि काम सांभाळून सासाझाकी यांच्या व्यायामशाळेत मुष्टियुद्ध शिकू लागला. 1960 साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आतच, तो व्यावसायिक झाला. रिंगणातले त्याचे नाव पडले ‘फायटिंग हारादा’.

त्याची तऱ्हा साधी होती. घंटा होताच पुढे घुसायचे, श्वास घेण्यास उसंत द्यायची नाही आणि एक ठोसा पुरत नसेल तर दहा मारायचे. 10 ऑक्टोबर 1962 रोजी टोकियोत थायलंडचा जगज्जेता पोन किंगपेच याच्यासमोर तो उभा राहिला, तोही दुसऱ्या एका जपानी खेळाडूच्या जागी आयत्या वेळी मिळालेल्या संधीतून. अकराव्या फेरीत ठोशांचा असा वर्षाव झाला की पोन कोपऱ्यात खाली बसला. एकोणिसाव्या वर्षी हारादा फ्लायवेटचा जगज्जेता झाला. मात्र तीनच महिन्यांत, जानेवारी 1963 मध्ये, बँकॉकला झालेल्या परतीच्या झुंजीत पोनने गुणांवर किताब परत नेला.

येथे काट्याची दुसरी धार पुढे येते. हारादा मूळचा फ्लायवेट नव्हताच. हाडापेराने तो मोठा, खाण्याची आवड असलेला, सहज वाढणारा गडी होता. मग वजन उतरे कसे? श्रोतेहो, चरबी उतरण्यास आठवडे लागतात, पाणी उतरण्यास तास पुरतात. जाड कपडे घालून धावायचे, कोंडलेल्या उष्ण खोलीत घाम गाळायचा, अन्न तोडायचे आणि शेवटी पाणीही तोडायचे. शरीरातले पाणी कमी झाले की रक्त कमी होते, हृदयाला अधिक ठोके घालावे लागतात आणि स्नायूंचा जोर ओसरतो. त्या काळी वजन झुंजीच्या दिवशीच होत असे. म्हणजे सकाळी सुकलेला माणूस रात्री पंधरा फेऱ्या लढणार! गिरणीतला कामगार तहान लागली तर निदान माठापर्यंत जाऊ शकतो. या कामगाराला तीही मुभा नव्हती.

हारादाने फ्लायवेट सोडले आणि बँटमवेटमध्ये पाऊल टाकले. मर्यादा केवळ सहा पौंडांनी वाढली, परंतु प्रतिस्पर्धी फार वाढले. सप्टेंबर 1963 मध्ये मेक्सिकोच्या होसे मेडेलने त्याला सहाव्या फेरीत लोळविले. अनेकांची कारकीर्द अशा ठिकाणी संपते. याची तेथे पक्की झाली. 18 मे 1965 रोजी नागोया शहरात त्याची गाठ ब्राझीलच्या एडर जोफ्रेशी पडली. हा जोफ्रे शाकाहारी होता, हे ऐकून आपल्यापैकी काहींस समाधान वाटेल. आणि तोवर व्यावसायिक रिंगणात तो एकदाही हरला नव्हता. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांचे मत फुटले, पण बहुमत हारादाकडे झाले. दोन गटांत जगज्जेता होणारा तो पहिला जपानी ठरला.

पुढच्याच वर्षी टोकियोत परतीची झुंज झाली आणि हारादाने जोफ्रेला पुन्हा गुणांवर हरविले. दूरचित्रवाणीवरील त्या झुंजीची प्रेक्षकसंख्या 63.7 टक्के नोंदली गेली. जोफ्रे त्यानंतर 1973 साली फेदरवेटचाही जगज्जेता झाला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत पराभव दोनच, आणि दोन्ही हारादाच्या हातचे. इंग्लंडचा ॲलन रडकिन, जुना वैरी मेडेल, कोलंबियाचा काराबालो या साऱ्यांपुढे हारादाने किताब राखला. अखेर फेब्रुवारी 1968 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी समाजातून आलेल्या लायोनेल रोझने टोकियोत येऊन तो जिंकला. रोझचे वय होते एकोणीस. ज्या वयात हारादाने मुकुट घेतला, त्याच वयाच्या पोराने तो उतरविला.

राहिला फेदरवेट. 28 जुलै 1969 रोजी सिडनीत जॉनी फेमेशॉनशी सामना झाला. निकाल देणारा माणूस एकच, पंच विली पेप. हारादाने फेमेशॉनला तीनदा जमिनीवर पाडले. पेपने प्रथम बरोबरी जाहीर केली. मग गुणपत्रिकेची बेरीज पुन्हा तपासली गेली आणि एका गुणाने फेमेशॉन विजयी ठरला. प्रेक्षकांतून ओरड झाली, परंतु निकाल बदलला नाही. जानेवारी 1970 मध्ये टोकियोत पुन्हा गाठ पडली, तेव्हा मात्र चौदाव्या फेरीत हारादाच पडला. त्याने निवृत्ती घेतली. 62 झुंजी, 55 विजय, 7 पराभव. वय अवघे 26! आमच्या कामगाराची त्या वयात नुकती कुठे नोकरी पक्की होते.

आता मोजमापाचा एक हिशेब मांडतो. फ्लायवेटपासून फेदरवेटपर्यंत अंतर 14 पौंडांचे. हारादाच्या काळी त्यात तीन गट होते. आज पाच आहेत, कारण 1975 नंतर मधले गट निर्माण झाले. आजचा जपानी वीर नाओया इनोउए 2014 साली 108 पौंडांच्या गटात जगज्जेता झाला, त्याच वर्षी 115 च्या, पुढे 118 च्या आणि 2023 साली 122 पौंडांच्या गटात. शेवटच्या दोन गटांत तर चारही जागतिक संघटनांचे किताब त्याने एकत्र केले. तेही अंतर बरोबर 14 पौंड. यावरून इनोउए लहान ठरत नाही. त्याचे कर्तृत्व थोरच आहे. पण दोन किताब आणि चार किताब यांची तुलना करण्याआधी पायऱ्या किती होत्या, हे विचारावे. संघटनेच्या कामात आम्ही हेच शिकलो. वेतनाचा आकडा ऐकून भुलू नये, तो कोणत्या मापाने मोजला ते आधी पाहावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आज वजन झुंजीच्या आदल्या दिवशी होते, म्हणजे पाणी भरून काढण्यास एक रात्र मिळते. पण मुभा मिळताच कित्येकांनी अधिक वजन उतरविण्याचा सपाटा लावला. जागतिक किताबाच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या, त्याही सहज नव्हे. 1982 साली कोरियाचा किम दुक-कू झुंजीनंतर मरण पावला, तेव्हा एका संघटनेने फेऱ्या घटविल्या आणि इतरांनी काही वर्षांत तिचे अनुकरण केले. 2 ऑगस्ट 2025 रोजी टोकियोच्या कोराकुएन सभागृहात एकाच कार्यक्रमात लढलेले दोन तरुण मेंदूतील रक्तस्रावाने काही दिवसांत गेले. त्यानंतर जपानच्या नियामकांनी पौर्वात्य विभागाच्या किताबी झुंजी बारावरून दहा फेऱ्यांवर आणल्या. कारखान्याच्या यंत्राला जाळी बहुधा कोणाचा तरी हात गेल्यावर बसते. येथेही तोच क्रम दिसतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एक शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचे ओझे 55 किलोंहून अधिक असल्यास ते शक्य तितक्या लवकर तेवढ्यावर आणावे. त्या वर्षी हारादा बँटमवेटचा जगज्जेता होता, आणि त्याच्या गटाची मर्यादा होती साडेत्रेपन्न किलो. म्हणजे हमालाच्या पाठीवरचे कायदेशीर ओझे जगज्जेत्याहून भारी! तांदळाच्या दुकानात राबलेल्या हारादाला या हिशेबाचे नवल वाटले नसते.

हारादा पुढे जपानच्या व्यावसायिक मुष्टियुद्ध संघाचा अध्यक्ष झाला आणि ते पद त्याने दीर्घकाळ सांभाळले. काट्यावर उभा राहिलेला माणूस काटा धरणाऱ्यांत जाऊन बसला, ही आम्हांस त्याच्या कोणत्याही किताबाइतकीच मोलाची गोष्ट वाटते. तराजू हवाच, कारण त्यावाचून दुबळ्याला न्याय नाही. मात्र त्या तराजूवर ज्याला उभे राहावे लागते, त्याचे म्हणणे वजने ठरविताना ऐकले गेले पाहिजे.