मोबाईल हरवण्यापूर्वी

आषाढ लागला की पंढरीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. त्या गर्दीत, आठवड्याच्या बाजारात किंवा एस.टी.त चढताना खिशातील मोबाईल नाहीसा होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी पाकीट गेले तर त्यातील रोकड जात असे आणि नुकसान तेथेच संपत असे. मोबाईलचे तसे नाही. बँकेतील खाते, आधारशी जोडलेला क्रमांक, शाळेचे अथवा ग्रामपंचायतीचे कामकाज या सर्वांच्या किल्ल्या या एकाच वस्तूत एकवटलेल्या असतात. त्यातून मोठी अडचण अशी की, मोबाईल हरवल्यावर ज्यांची तातडीने गरज भासते ते बँकेचे व आप्तांचे क्रमांक आणि संकेतशब्दही त्या हरवलेल्या मोबाईलमध्येच राहिलेले असतात. तेव्हा पूर्वतयारी म्हणजे, थोडक्यात, ही माहिती वेळीच मोबाईलच्या बाहेर आणून ठेवणे होय.

वेळेचे मोल

अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी बँकांना जे निर्देश दिले, त्यांतील एक तत्त्व प्रत्येक खातेदाराने ध्यानी ठेवावे असे आहे. खातेदाराच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याने सोसावयाचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे. म्हणजेच मोबाईल गेल्याचे लक्षात येणे आणि बँकेला कळविणे यांमधील काळ जितका कमी, तितका धोका कमी. ज्या घरात बँकेचा क्रमांक कागदावर लिहिलेला आहे, तेथे हे काम शेजाऱ्याच्या फोनवरून दहा मिनिटांत होते. जेथे तो नाही, तेथे पासबुक शोधण्यातच संध्याकाळ होते आणि तोवर बँकेचे दार बंद झालेले असते.

एक साधा कागद

या कागदावर प्रथम मोबाईलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लिहावा. *#०६# ही कळ दाबली असता तो पडद्यावर दिसतो. खोक्यावर आणि बहुधा खरेदीच्या पावतीवरही तो असतो. दोन सिमच्या मोबाईलला असे दोन क्रमांक असतात. ते दोन्ही लिहावेत. त्याखाली खाते व कार्ड बंद करण्यासाठीचा बँकेचा क्रमांक, सिम कंपनीचा मदत क्रमांक आणि दोन जवळच्या माणसांचे क्रमांक असावेत. गुप्त संकेतांक मात्र या कागदावर कधीही लिहू नयेत. एक प्रत घरी कपाटात आणि एक प्रवासाच्या पिशवीत ठेवावी. खरेदीची पावतीही जपून ठेवावी.

दोन कुलपे

मोबाईलच्या पडद्याला कुलूप लावण्याची सवय आता पुष्कळांना झाली आहे. परंतु सिमलाही कुलूप असते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. चोराने सिम काढून दुसऱ्या मोबाईलमध्ये घातले, की बँकेचा एकवार वापरावयाचा संकेतांक त्याच्या हाती पडू शकतो. सिमला पिन लावलेला असल्यास तो मार्ग बंद होतो. मात्र तीन वेळा चुकीचा पिन टाकल्यास सिम अडकते आणि ते सोडविण्यास पीयूके क्रमांक लागतो. म्हणून तो कंपनीकडून आधीच माहीत करून घ्यावा आणि मगच पिन बदलावा.

मोबाईलमधील क्रमांक, छायाचित्रे व कागदपत्रे यांची दुसरी प्रत आपल्या ऑनलाइन खात्यात वा संगणकावर नियमितपणे ठेवावी. त्या खात्यात शिरण्यासाठीचा संकेतांक जर याच मोबाईलवर येत असेल, तर ऐनवेळी आपणच दाराबाहेर राहू. यासाठी खात्याचे राखीव संकेतांक मिळत असल्यास ते छापून, वरील कागदापासून वेगळे, घरी कुलपात ठेवावेत. दूर राहून मोबाईल शोधण्याची व त्यातील मजकूर पुसण्याची सोय असते. तीही आधीच चालू करून ठेवावी.

हरवल्यानंतरचा क्रम

प्रथम बँकेला कळवावे. नंतर सिम बंद करून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. त्यानंतर ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तक्रारीची प्रत व आयएमईआय क्रमांक देऊन मोबाईल अडविण्याची विनंती करावी. केंद्रीय दूरसंचार विभागाची ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. अडविलेला मोबाईल देशातील दूरसंचार जाळ्यांवर चालत नाही, आणि कोणी त्यात नवे सिम घातल्यास त्याचा माग लागू शकतो. मोबाईल परत मिळाल्यास तो याच संकेतस्थळावरून मोकळाही करता येतो. खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

सार्वजनिक जबाबदारी

ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या मोबाईलमध्ये इतरांचीही माहिती असते. अर्जासाठी कोणी विश्वासाने दिलेल्या आधारपत्राचे छायाचित्र काम झाल्यावरही तेथेच राहते. असा मोबाईल हरवला, तर जोखीम त्या गरीब अर्जदाराची होते आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून काम संपताच अशी कागदपत्रे कार्यालयाच्या दप्तरी जमा करून मोबाईलमधून काढून टाकणे, हा कर्तव्याचाच भाग मानला पाहिजे.

येत्या ग्रामसभेत किंवा पालक सभेत अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा. प्रत्येकाने तेथेच कळ दाबून आपला क्रमांक उतरवून घ्यावा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा कागद विद्यार्थ्यांनी भरून द्यावा. या कामास ना निधी लागतो, ना मंजुरी. लागतो तो एक कागद आणि थोडी दूरदृष्टी.