ब्रह्मदेशची पाटवडी, मलाक्क्याचा साबुदाणा

पांढुर्ण्याच्या बसस्टँडकडे जा नाहीतर सौंसरला नागपूर-छिंदवाडा रोडवर थांबा, संध्याकाळी चायनीजच्या गाडीवरचा फलक सगळीकडे सारखाच. हक्का नूडल्स, मंचुरियन, शेजवान, ट्रिपल राईस आणि त्याखाली कुठेतरी ‘सिंगापुरी’. थोड्या मोठ्या, एसीवाल्या हॉटेलात गेलात तर मेन्यूकार्डावर ‘थाई’ हा शब्दही भेटतो. आग्नेय आशियाची आपल्याकडची ओळख साधारण एवढ्यावर संपते.

त्यातलं सिंगापुरी हे सिंगापूरचं नाहीच. बारीक शेवयांसारख्या तांदळाच्या नूडल्समध्ये करी पावडर टाकून परतण्याची ही तऱ्हा हाँगकाँगच्या हॉटेलांतून जगभर गेली. मंचुरियन तर मुंबईचं. 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरमध्ये कोंबडी शिजवली आणि पुढे ते गावोगावच्या गाड्यांवर पोचलं. माझं या पदार्थांशी वाकडं नाही; भूक लागली की मीही गाडीवर उभा राहतो. पण थायलंड, ब्रह्मदेश, मलेशिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया इथलं जेवण म्हणजे जास्त तिखट चायनीज, असा जो समज या फलकांमुळे झाला आहे तो काढून टाकायला हवा. कॉर्नफ्लोअरचा घट्ट, चकचकीत रस्सा हा तिकडच्या जेवणाचा पाया नाही. तिकडे दाटपणा येतो नारळाच्या दुधाने, वाटणाने, दाण्याच्या कुटाने किंवा बेसनाने. यातलं एक नारळ सोडलं तर बाकी सगळं आपल्या तालुक्यात वर्षभर घरात असतं.

म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवात थायलंडपासून करूच नका. सुरुवात ब्रह्मदेशापासून करा, कारण तिथे बेसन आहे.

ब्रह्मदेशाच्या पूर्वेला शान प्रांत आहे. तिथे ‘तोहू’ नावाचा पदार्थ घरोघरी आणि बाजारात खातात. नाव टोफूसारखं असलं तरी त्यात सोयाबीनचा दाणा नसतो. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, हळद. पीठ पाण्यात कालवायचं, मंद आचेवर सारखं हलवत शिजवायचं, घट्ट होऊन चकाकी आली की तेल लावलेल्या ताटात ओतायचं, थापायचं, निवलं की सुरीने वड्या पाडायच्या. हे वाचताना पांढुर्ण्याच्या कोणत्याही बाईला हसू येईल, कारण ही तर पाटवडी! फरक दोनच. त्यात मोहरी-जिऱ्याची फोडणी नसते आणि पाणी जास्त असतं. वाटीभर बेसनाला आपण दोन वाट्या पाणी घेत असू, तर इथे तीन घ्यायचं. त्यामुळे वडी लुसलुशीत होते, थंडही खातात आणि रश्श्यात जात नाही. तिची कोशिंबीर होते.

ती कोशिंबीर अशी: वड्यांचे बोटभर लांब, पातळ तुकडे करा. वर चिंचेचा घट्ट कोळ, किंचित सोया सॉस, भाजलेल्या फल्लीच्या दाण्यांचं जाडंभरडं कूट, लाल तिखट, बारीक चिरलेली पत्ताकोबी आणि भरपूर सांभार. शेवटी लसणाचं तेल. पातळ चिरलेला लसूण फल्ली तेलात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत तळायचा, करपण्याआधी उतरवायचा आणि तेलासकट वरून घालायचा. हलक्या हाताने कालवा, वडी मोडता कामा नये. उन्हाळ्यात दुपारी भात-वरणाबरोबर हे ताट ठेवून पाहा. पाहुण्याला ओळखता येणार नाही आणि नाव ठेवताही येणार नाही. थंडीत त्याच बेसनाचं पिठलं वडी न थापता गरमच नूडल्सवर ओतून खाण्याची तिकडे पद्धत आहे. झुणका-भाकरीच्या मुलखाला ती समजावून सांगावी लागू नये.

बेसनाचा दुसरा उपयोग खाओ स्वेमध्ये. नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा, त्यात नूडल्स, वरून तळलेला कांदा, दाणे, उकडलेलं अंडं, लिंबू, मिरचीचा चुरा. ब्रह्मदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली हजारो भारतीय कुटुंबं 1942 च्या जपानी आक्रमणात आणि पुन्हा 1960 च्या दशकात परतली, त्यांच्याबरोबर हा पदार्थ इकडे रुजला. मुंबईच्या फोर्टमध्ये 2014 साली ‘बर्मा बर्मा’ हे संपूर्ण शाकाहारी ब्रह्मी हॉटेल निघालं ते याच चवींवर. रस्सा दाट करायला मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही, भाजलेलं बेसन लागतं. चार माणसांना दोन नारळांचं दूध आणि तीन मोठे चमचे बेसन पुरतं. आणि मूळ पदार्थात गव्हाच्याच नूडल्स असतात, त्यामुळे किराणा दुकानातलं हक्का नूडल्सचं पाकीट इथे बिनदिक्कत चालतं.

आता थायलंड. इथे अवघड जातं ते वाटण, आणि तिथेच आपले लोक बाटली किंवा पाकीट विकत आणतात. बाटलीला माझा विरोध नाही, पण आधी आपल्या आवारात आणि बाजारात काय आहे ते बघून घ्यावं.

सांभाराची जुडी घ्या. आपल्याकडे ती बरेचदा मुळांसकट मिळते आणि आपण मुळं कापून फेकतो. थाई वाटणात हीच मुळं हवी असतात. पानांपेक्षा त्यांचा वास खोल असतो आणि शिजल्यावरही टिकतो. माती नीट धुवा, चाकूने खरवडा आणि लसूण, मिऱ्यांबरोबर खलबत्त्यात कुटा. थाई स्वयंपाकातलं हे पायाचं वाटण आहे आणि त्याला एक रुपयाचाही जास्त खर्च नाही.

गवती चहा अंगणात असतोच. आपण चहात पातं टाकतो, तिकडे बुडखा वापरतात, बुडाकडचा जाड, पांढरट भाग. आपल्याकडचा बुंधा कधी बारीक निघतो. तेव्हा पात्यांची गाठ मारून रश्श्यात टाकावी आणि वाढताना काढावी. गलांगल नावाचा जो आल्याचा भाऊबंद थाई सूपात लागतो, तो सौंसरच्या भाजीबाजारात शोधत बसू नका. काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन मागा. गवई लोक आवाजासाठी तोंडात धरतात ते हेच. वाळलेलं मिळतं, ताज्याची सर येत नाही, पण गरम पाण्यात भिजवून घेतलं तर आल्यापेक्षा पुष्कळ जवळ जातं. आलं घालून ‘थाई’ म्हणू नये.

मग राहतो लिंबाच्या पानांचा वास. थाई लिंबाचं झाड आपल्याकडे नाही, पण आपण बसलो आहोत संत्र्याच्या बागांमध्ये. संत्र्याची कलमं जंभेरीच्या खुंटावर बांधतात हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. कलमाच्या खालून जंभेरीचे जे फुटवे येतात ते तो एरवीही काढून टाकतो. त्यांचं कोवळं पान चुरगाळून नाकाशी धरा. लिंबाचा तो झणझणीत वास थाई पानाची बरीचशी उणीव भरून काढतो. कागदी लिंबाचं पानही चालेल. एकच पथ्य: फवारणी झालेल्या बागेतलं पान स्वयंपाकघरात आणू नका. परसातलं, न फवारलेलं झाड शोधा.

तुळशीचा प्रश्न नाजूक आहे. थाई लोक कोंबडीबरोबर परततात ती ‘कफ्राव’ आणि आपली वृंदावनातली तुळस, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकच. पण आपल्या घरात ती कढईत घालायला कोणी धजणार नाही, आणि घालायची गरजही नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा मूठभर कुंडीत टाका. बी चांगलं असेल तर महिन्या-दीड महिन्यात खुडण्याजोगी पानं येतात. थाई करीत जी दुसरी, गोडसर वासाची तुळस पडते ती याच जातीतली.

भाताला बासमती नको. थाई भात मऊ आणि किंचित चिकट असतो, बासमतीचे सुटे दाणे रस्सा धरत नाहीत. आपल्या शेजारच्या बालाघाटचा चिन्नोर, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो वासाने आणि मऊपणाने इथे शोभतो. ताडगुळाच्या जागी नरसिंगपूरकडचा करेलीचा गूळ. फिश सॉसच्या जागी, घरात चालत असेल तर, सुक्या झिंग्यांची भाजून केलेली पूड आणि मीठ. नसेल चालत तर सोया सॉस.

आणि नारळ. तो मात्र दक्षिणेतून ट्रकनेच येणार. विदर्भ आणि सातपुड्याचा हा पट्टा सुक्या खोबऱ्याचा. भाजून वाटलेलं खोबरं ही आपल्या सावजी मसाल्याची जान. नारळाच्या दुधाचा हात आपल्याला नसतो, म्हणून करी फुटते किंवा पाणचट होते. युक्ती आपल्याच भाषेत सांगायची तर तर्री सुटू द्यायची. पहिलं दाट दूध वेगळं काढा. त्यातलं अर्धं कढईत घेऊन तेल वेगळं होईपर्यंत आटवा, मग त्यातच वाटण टाका आणि पुन्हा वर तवंग येईस्तोवर परता. त्यानंतर दुसरं, पातळ दूध आणि भाज्या किंवा मटण. उरलेलं दाट दूध शेवटी, उकळी न आणता. सावजी करणाऱ्याला हे सांगताना फक्त एक गोष्ट बजावावी लागते: हिंग-मोहरीची फोडणी नाही आणि शेवटी गरम मसाला भुरभुरायचा नाही. हात शिवशिवेल, आवरा. त्याऐवजी गॅस बंद करण्याआधी चव घ्या. आंबट, गोड, खारट, तिखट यातलं एक कमी आहे का ते बघा आणि चिंच, गूळ, मीठ किंवा मिरचीने तेवढंच भरून काढा. तिकडचा स्वयंपाक या शेवटच्या दोन मिनिटांत ठरतो.

बाहेर खायचं तर? थाई करी खऱ्या अर्थाने खायची असेल तर अजून नागपूर गाठावं लागतं. मुंबईत ताज प्रेसिडेंटमध्ये ‘थाई पॅव्हिलियन’ 1993 मध्ये निघालं, पुण्यात कोरेगाव पार्कात ‘मलाका स्पाइस’ 1997 मध्ये. मुलं-मुली शिकायला, नोकरीला तिकडे असतात. त्यांना भेटायला गेलात तर एकदा अशा ठिकाणी मूळ चव जिभेवर घेऊन या, म्हणजे घरी करताना नेमकं कुठे पोचायचं ते कळतं. आपल्या गावातल्या हॉटेलात ‘थाई’ मागवण्याआधी वेटरला सरळ विचारा की रश्श्यात नारळाचं दूध आहे का. नसेल तर मंचुरियन मागवा, ते तिथे चांगलं मिळतं.

माळकऱ्यांसाठी आणि काटेकोर शाकाहारी घरांसाठी एक सावधगिरी. ‘व्हेज थाई करी’ म्हटलं म्हणजे भाज्या शाकाहारी असतात, वाटण असेलच असं नाही. पारंपरिक करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत फिश सॉस. हॉटेलात विचारा आणि पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. ही कोशिंबीर मात्र घरी जरूर करा. कच्ची पपई किसून नव्हे तर सुरीने उभे पातळ काप काढून, लसूण, हिरवी मिरची, दाणे, गूळ आणि लिंबाबरोबर खलबत्त्यात हलकेच ठेचायची. ठेचल्याने रस आत मुरतो. मिक्सरमध्ये टाकलीत तर चटणी होईल.

शेवटी मलाया, आणि तो तर आपण दर चतुर्थीला खातो. साबुदाणा मुळात आग्नेय आशियातल्या साबुदाण्याच्या ताडाच्या गाभ्यापासून होत असे आणि तिकडूनच आपल्याकडे येत असे. 1942 मध्ये सिंगापूर आणि मलाया जपान्यांच्या हाती गेले, आयात थांबली आणि 1943 च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. आज पांढुर्ण्याच्या दुकानात येणारं पोतं साधारण त्याच भागातलं असतं. उपवासाची आपली खिचडी त्या अर्थाने शंभर टक्के जुनी नाही, पण त्याने व्रत मोडत नाही.

मलेशियात याच साबुदाण्याची ‘सागो गुला मलाका’ करतात. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळवा. कोरडा साबुदाणा उकळत्या पाण्यात सोडा आणि ढवळत राहा. दाण्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरला की झाकून पाच मिनिटं ठेवा, मग चाळणीत ओतून थंड पाण्याने धुवा, म्हणजे चिकट पाणी निघून जातं. वाट्यांमध्ये भरून गार करा. गुळाचा पातळ पाक करून गाळून घ्या. वाढताना साबुदाण्यावर दाट नारळाचं दूध, त्यात चिमूटभर मीठ, आणि वरून पाक. मीठ विसरू नका, त्याशिवाय नारळाला चव येत नाही. उपवासाचं सैंधव चालेल. उपासाला न चालणारी एकही वस्तू यात नाही, तेलातुपाचा थेंब नाही आणि मे महिन्यात खिचडीपेक्षा पोटाला हलकं. येत्या एकादशीला करून बघा. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालायचा नाही, एवढं मात्र घरात आधी सांगून ठेवा.